केरसुणीला पाट, शिंदीला हद्दपारी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्यातल्या कितीतरी घरांत नवी केरसुणी पाटावर येते. तिला हळदकुंकू वाहतात आणि आपण सारे तिला 'लक्ष्मी' म्हणून हात जोडतो. आता त्याच घरच्या मालकांना विचारून पाहा, ही लक्ष्मी कोणत्या झाडाची? बहुतेकजण आढ्याकडे पाहतील. ती शिंदीची! आणि हीच शिंदी बागेत लावा म्हटले, की तेच मालक नाक मुरडतात.

त्यांच्या फाटकाशी काय असते? दोन 'बॉटल पाम'. गंमत अशी, की ते बहुधा बॉटल पाम नसतातच. सिमेंटच्या खांबासारखे राखी खोड, शेंड्याशी हिरवी गुळगुळीत नळी आणि उंची तीनचार मजले, असा जो दिसतो तो क्युबाचा रॉयल पाम. खरा बॉटल पाम मॉरिशसचा. बुटका, बुडाशी फुगलेला, डोक्यावर जेमतेम पाचसहा झावळ्या. पाहुण्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आणि दारात मात्र मानाने उभा! मुलीसाठी स्थळ पाहताना आपण असे करतो काय?

"पुण्याची थंडी सोसेल असा पाम कोणता हो?" जानेवारीत एम्प्रेस बागेतले पुष्पप्रदर्शन पाहून परतताना हौशी मंडळी हमखास विचारतात. मग इंग्रजी पुस्तके उघडतात आणि बर्फातही तगणारा चिनी पाम मागवला जातो. अहो, जो बर्फ सोसतो तो आपला वैशाख सोसेल, हे कोणी सांगितले? पुण्याचा पारा जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांवर उतरला होता, हे खरे; पण एप्रिलमध्ये तोच पारा ४० गाठतो. आपल्याला कडाका आणि होरपळ दोन्ही सोसणारे झाड हवे. शिंदी हिमालयाच्या पायथ्यापासून दख्खनच्या ओढ्याकाठापर्यंत कोणी न लावता वाढते. याहून मोठे शिफारसपत्र कोणते?

ती ओळखणे अवघड नाही. नारळाच्या झावळीतली पाती कौलारू घराच्या पाख्यांसारखी खाली उतरती असतात. शिंदीची पाती उलट, पन्हळीसारखी वर उघडी. झावळीच्या बुडाशी पात्यांचेच काटे झालेले असतात. नर आणि मादी झाडे वेगळी. फळ हवे तर दोन्ही जवळपास हवीत.

"काटे टोचतात" म्हणणाऱ्यांनी आपल्या गुलाबाकडे आणि बोगनवेलीकडे एकदा पाहावे. "ते पिणाऱ्यांचे झाड" म्हणणाऱ्यांनी माडी कशाची निघते, ते कोकणातल्या पाहुण्याला विचारावे. नारळ तेवढा देवापुढे चालतो. आणि शिंदीची सकाळची ताजी, गोड नीरा पिऊनही तिला नावे ठेवणारे आहेतच!

लावायची तर पिकल्या फळाचा गर काढून बी लगेच पेरा. कोंब आधी खाली जातो, म्हणून पिशवी खोल घ्या. दोनतीन महिने धीर धरा. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडी उन्हाची, पाणी न साचणारी जागा पाहून रोप लावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी घाला. शेंड्याचा गाभा एकच असतो, तो छाटला की झाड गेलेच. वाढ हळू आहे, हे कबूल. पण आंबा लावताना आजोबा कोणासाठी लावत असत?

ओढे बुजवून आपण इमारती उठवल्या, काठची शिंदी तोडली. शिंदी तुटली, की केरसुणी वळणाऱ्या कारागिराच्या हातचा पालाही तुटतो. मग पाटावर प्लॅस्टिकचा झाडू मांडायचा काय? लक्ष्मी घरात हवी, पण तिचे माहेर उजाड करायचे, हा कुठला न्याय? यंदा हात जोडाल, तेव्हा अंगणातल्या एका रिकाम्या कोपऱ्याची तिला आठवण द्या.