मोडीत काढण्यापूर्वी

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु दारात जुनी मोटार उभी असली, म्हणजे घरातील भाषा एकदम पालटते. ‘किलोला काय भाव मिळेल?’ हाच पहिला प्रश्न निघतो. सोनेही तोलतात आणि मोडही तोलतात. भेद एवढाच की, सोने तोलण्यापूर्वी त्याचा कस लावतात, मोडीचा कोणी लावीत नाही. जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्याचाही कस लावावा, आणि शक्य असेल तेथे जुन्या सुट्या भागांतून, घरच्या घरी, ते पुन्हा चालते करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे, म्हणजे दोघांपुरत्या बांधलेल्या हलक्या व चपळ मोटारीचे, उदाहरण घेतो.

‘हा तर श्रीमंतांचा शौक!’ असा आक्षेप येथे कोणी घेईल. इतिहास मात्र निराळे सांगतो. स्पोर्ट्‌स मोटारींत ‘एम. जी.’ हे नाव जगभर गाजले. ही अक्षरे म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाची आद्याक्षरे होत. ऑक्सफर्ड येथील या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात साध्या मॉरिस मोटारीच्या सांगाड्यावर हलकी व डौलदार बॉडी चढविण्यास आरंभ केला आणि त्यातूनच एम. जी. जन्मास आली. १९४५ ते १९४९ या काळात या कारखान्याने ‘टी. सी.’ नावाच्या सुमारे १०,००० मोटारी बांधल्या. तिचे इंजिन ‘मॉरिस टेन’ या कुटुंबवत्सल मोटारीच्या इंजिनावरूनच घडविलेले होते. दोहोंमध्ये सिलिंडर चार. दट्ट्याची चाल दोहोंत ९० मिलीमीटर. सिलिंडरचा व्यास मात्र मॉरिसमध्ये ६३.५ आणि टी. सी.मध्ये ६६.५ मिलीमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र ज्यांनी पाठ केले आहे, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. पहिल्याचे १,१४० व दुसऱ्याचे १,२५० घन सेंटीमीटर असे उत्तर येईल.

आता गंमत अशी की, हीच मॉरिस टेन ‘हिंदुस्तान टेन’ या नावाने आपल्या देशातही अवतरली होती. अशी एखादी मोटार कोठे गोठ्याच्या आडोशाला गंजत पडली असेल, तर जाणत्याला तिच्यात स्पोर्ट्‌स मोटारीचे सख्खे नातलग दिसतील. अजाणत्याला केवळ लोखंड दिसेल. तात्पर्य, भंगार आणि भांडवल यांच्यामधील सीमारेषा पैशाने आखली जात नाही, ती ज्ञानाने आखली जाते.

हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे हातांनी मिळवावे लागते. टी. सी.च्या इंजिनाचे नटबोल्ट पाहा. त्यांचे आटे मेट्रिक पद्धतीचे, परंतु नटाचे डोके इंग्रजी व्हिटवर्थ मापाच्या पान्याचे! पाना बसला म्हणून ज्याने दुकानातला इंची बोल्ट जबरीने पिळला, त्याने आटे मारलेच म्हणून समजावे. गंजलेला नट सुटत नाही, तेव्हा त्यावर तेल सोडून रात्रभर वाट पाहावी लागते; बळ कामी येत नाही, धीर कामी येतो. काढलेल्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी, त्याची आकृती वहीत काढावी, कारण खोलणे एका दिवसाचे काम असते आणि जोडणे महिन्यांचे. शिवाय या मोटारीच्या पत्र्याखाली ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट असते. ती कुजली, तर लोहाराइतकीच सुताराचीही गरज लागते.

आमच्या आदिलाबाद परिसराला हे सारे परके वाटू नये. येथील सागवान सर्वश्रुत आहे आणि त्यावर हात चालविणारे सुतारही आहेत. उशेगावचे कारागीर मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा करून, मेण वितळवून त्यात पितळ ओततात. मोडक्या भांड्यांचे पितळ त्यांच्या हाती पडले म्हणजे त्याची मूर्ती होते. या ‘आदिलाबाद डोकरा’ कलेस २०१८ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेला गॅरेजेही आहेत. आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगणारा मिस्त्री हा आमच्या मते विद्वानच होय. मात्र त्याची विद्या कोठे लिहिलेली नसते. तो गेला की ती जाते.

तथापि उत्साहाच्या भरात विवेक सुटू नये. जुने ते सारेच जपण्याजोगे नसते. टायर, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि विजेच्या तारा या वस्तू नव्याच घ्याव्यात. रबर न वापरताही कडक होते व तडकते. तेथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये गाडीत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. परंतु सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि अशी मोटार प्रदर्शन, व्हिंटेज रॅली यांसारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे मिळेल तो भाग मिळेल तेथे डकविणे हे पुनरुज्जीवन नव्हे. मूळ रूपाशी इमान राखणे हेच खरे पुनरुज्जीवन.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीप्रमाणे पायाने चालू होणारी चारचाकी घडविली, आणि २०२१च्या अखेरीस सर्वत्र तिचा बोलबाला झाला. ती रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती, तरी उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे मोल ओळखले आणि २०२२च्या जानेवारीत तिच्या बदल्यात लोहार कुटुंबास नवी बोलेरो दिली. नियम आणि निर्मिती या दोहोंचा मान राखता येतो, हे या घटनेवरून दिसते.

धूर ओकणाऱ्या निकामी गाड्या रस्त्यावरून जाव्यात, याविषयी आमचे दुमत नाही. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. परंतु गाडीबरोबर विद्या मोडीत जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे. आमच्या पिढीला बटण दाबणे येते. बटणामागे काय चालते, ते पाहण्याची सवय सुटत चालली आहे. हाताला काळे लागले म्हणजे शिक्षण कमी पडले, असा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे. हा समज जोवर टिकेल, तोवर आपण यंत्रांचे ग्राहकच राहू, कर्ते होणार नाही.

म्हणून पालकांस आणि शाळांस आमची नम्र सूचना आहे. स्पोर्ट्‌स मोटार प्रत्येकाच्या दारी येणार नाही. परंतु भंगारवाल्याकडून एखादे बंद पडलेले इंजिन शाळेस खचित आणता येईल. ते मुलांनी आणि मुलींनीही खोलावे, मापावे, वहीत उतरवावे व पुन्हा जोडावे. गावातील मिस्त्रीस सन्मानाने बोलावून त्याच्याजवळ जे आहे ते लिहून घ्यावे. इंजिन सुरू झाले तर आनंदच आहे. न झाले, तरी ते का झाले नाही, हे ज्या विद्यार्थ्यास सांगता येईल, त्याचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.