बाटली आडवी झाली. चाकामागच्या दारूचे काय?

(विशेष प्रतिनिधी)

दारूबाबत महाराष्ट्राची भूमिका कागदावर तरी कडक आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून त्यानुसार मद्यपानासाठी परवाना लागतो. बिअरसाठी २१, तर व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. अनेक गावांतील महिलांनी मतदानाने दुकानांची 'बाटली आडवी' केली. अशा राज्यात मद्यपान करून वाहन चालविणे मात्र अजूनही गुन्ह्यापेक्षा दुर्दैवच समजले जाते.

या विसंगतीचे मूळ आपल्या मनातील दारुड्याच्या प्रतिमेत आहे. मजुरी गुत्त्यावर उधळणारा, घरी मारहाण करणारा, रस्त्यात झोकांड्या खाणारा तो दारुडा. महिलांचा लढा त्याच्या दारूविरुद्ध होता आणि तो रास्तही होता. परंतु लग्नाच्या हळदीला, गटारीला किंवा ३१ डिसेंबरला मित्रांबरोबर 'बसणारा' आणि नंतर स्वतःच गाडीची किल्ली फिरविणारा सुस्थितीतील माणूस या प्रतिमेत बसत नाही. "थोडीच घेतली आहे, चढलेली नाही," एवढे त्याचे प्रमाणपत्र सोबतच्यांना पुरते.

कायद्याची मोजपट्टी वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. पाय लटपटण्याच्या आधीच अंदाज आणि ब्रेकवर पाय जाण्याचा वेग बिघडतो. म्हणूनच 'चढली नाही' या अनुभवाला तेथे स्थान नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. तरीही नाकाबंदी कोणत्या चौकात आहे, याची चौकशी करून गल्लीबोळातून निसटणे आजही चातुर्याचे मानले जाते.

अपघातानंतर संताप होतो, तो शिक्षेच्या आकड्यावर. १२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मरण पावले. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. चालक अल्पवयीन होता आणि त्याने मद्यपान केल्याचा आरोप होता. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह मिळालेल्या जामिनाने देशभर रोष उसळला. त्याहून गंभीर बाब पुढे आली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण चालकाला वाचविण्यासाठी किती हात पुढे येऊ शकतात, हा प्रश्न तेथेच उभा राहिला.

हे हात अपघातानंतरच पुढे येतात असे नाही. यजमान आणखी एक पेला भरतो, मित्र शेजारच्या आसनावर बसतो, घरचे लोक 'सावकाश ये' एवढेच सांगतात. याच कायद्याचे कलम १८८ मद्यधुंद वाहनचालनास प्रोत्साहन देणाऱ्यालाही चालकाइतकीच शिक्षा सांगते. या तरतुदीची चर्चा बैठकीत क्वचितच होते, कारण किल्ली मागणे म्हणजे मित्राचा अपमान, अशी आपली समजूत आहे.

पोलिसांची नाकाबंदी ठरावीक रात्री आणि ठरावीक चौकांतच असू शकते. मैफल मात्र प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरी, हॉटेलात वा ढाब्यावर संपते आणि तेथे किल्ली कोणाच्या हातात आहे, हे सर्वांना दिसत असते. गावातील महिलांनी दुकानासमोर उभे राहण्याचे धैर्य दाखविले. शहरातील सुशिक्षितांना मित्राच्या गाडीसमोर उभे राहण्याएवढे धैर्य दाखविता येईल का, यावरच पुढील अपघात टळणे अवलंबून आहे.