लेकीला घेऊन पित्याने कोठे जावे?

काशीमीरा नाका मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. गुजरात-राजस्थानकडे जाणाऱ्या खासगी बसची वाट पाहत येथे रात्री कितीतरी कुटुंबे सामानासह उभी असतात. सुट्टीत मुलांना गावी पोहोचविण्याचे काम व्यापारी घरांत पुष्कळदा पित्याकडे येते; मालाची खरेदी आणि मुलांचा प्रवास एकाच फेरीत साधतो. अशा वेळी पाच-सहा वर्षांची कन्या "पप्पा, शू लागली" म्हणते आणि एरवी मोठमोठे सौदे सहज उरकणारा गृहस्थ गोंधळून जातो. पुरुषांच्या बाजूला नेले, तर भिंतीशी उभ्या असलेल्या पुरुषांसमोरून तिला न्यावे लागते. स्त्रियांच्या बाजूला त्याला प्रवेश नाही. एकटीला आत धाडण्यास मन धजत नाही.

आईची अडचण निराळी. मुलगा लहान असेपर्यंत ती त्याला निःशंकपणे आत नेते. तो आठ-नऊ वर्षांचा झाला की आतील स्त्रिया संकोचतात आणि खुद्द मुलालाही लाज वाटू लागते. रेल्वेने स्त्रियांच्या डब्यासाठी निदान मुलाच्या वयाची बारा वर्षांची मर्यादा ठरविली आहे. शौचालयाच्या दारावर असे काही लिहिलेले नसते. सर्वांत बिकट अवस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुण मुलाच्या मातेची. तिने कोणत्या दाराने जावे?

मुळात स्त्रियांच्या साध्या सोयीसाठीही महाराष्ट्रात न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०११ च्या सुमारास मुंबईत 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे निर्देश दिले. मात्र लेकीला सांभाळणारा पिता त्या चर्चेत फारसा आला नाही. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत, पुरुषांच्या प्रसाधनगृहातही, बाळाचे कपडे बदलण्याची सोय बंधनकारक केली.

खरी गरज तिसऱ्या दाराची आहे: आतून कडी लागेल अशी, पालक व मूल दोघे मावतील इतकी एकच खोली. अपंगांसाठी बांधलेली खोली या कामी येऊ शकते. पण तिला पुष्कळदा कुलूप असते, नाहीतर आत झाडू-बादल्या असतात. विशेष म्हणजे बहुतेक मोठ्या दुकानांच्या मागे नोकरांसाठी नेमकी अशीच खोली असते. तिची किल्ली गल्ल्याजवळ टांगलेली असते. मुलासह आलेल्या वाटसरूला ती दिल्याने दुकानदाराचे काय जाते? फार तर एक बादली पाणी.

तोवर पालकांनी दाराशी बसलेल्या सफाई कामगार मावशींना विनंती करावी, आणि मूल आत असेपर्यंत बाहेरून त्याच्याशी बोलत राहावे. कडी लावणे मुलांना लवकर जमते. ती काढता येते की नाही, हे मात्र प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच पाहून घ्यावे.