रिव्ह्यू वाचताय? आधी रिव्ह्यूवाल्याची प्लेलिस्ट विचारा!

ऑनलाइन सेल लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर हा सीन ठरलेला. कुणीतरी दीड-दोन हजारांचे नवे इअरबड्स आणलेले असतात आणि ते सगळ्यांच्या कानांतून फिरतात. एक जण म्हणतो, ‘काय बेस आहे यार, डोकं हललं!’ दुसरी दोन मिनिटं ऐकते आणि काढून देते, ‘शी! बाई रजईत तोंड घालून गातेय असं वाटतंय.’ मग वाद, मग एकमेकांच्या कानांचा उद्धार. खरं तर दोघंही बरोबर असतात. त्याने रॅप लावलेलं असतं आणि तिने किशोरी आमोणकरांचा ख्याल.

आपण इअरबड्स घेतो ते स्टार आणि रिव्ह्यू बघून. अनेकांसाठी पहिल्या स्टायपेंडमधली ही पहिली खरेदी असते. ‘साउंड एकदम क्लीअर’ म्हणणारा नेमकं कुठलं गाणं ऐकून बोलतोय, हे मात्र कुणी विचारत नाही. गोची तिथेच होते.

थोडं विज्ञान बघू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ढोलाचा दणका, डग्ग्याची घुमक, रॅपमधला खालचा ठोका हे सगळं या पट्ट्याच्या तळाशी असतं. गाण्यातले शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजामुळे. तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारी झणझण आणखी वरपर्यंत जाते. तळाचा आवाज फार वाढवला, की तो वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. म्हणजे रॅपवाल्याला जो ‘पंच’ वाटतो, तोच ख्यालवालीसाठी ‘रजई’ होतो. वस्तू तीच, फक्त तिच्याकडून मागितलेलं काम वेगळं.

संशोधनही याच दिशेला जातं. हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज ब्रँड न सांगता ऐकवले. सुमारे ६४ टक्के लोकांना साधारण एकसारखा, तळाला थोडा उठाव असलेला आवाज आवडला. १५ टक्के लोकांना त्याहून जास्त बेस हवा होता, त्यात तरुण मुलगे जास्त. २१ टक्के लोकांना कमी बेस हवा होता, त्यात स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले जास्त. थोडक्यात, बाबांना तुमचे इअरबड्स आवडत नाहीत, यात फक्त ‘जनरेशन गॅप’ नाही.

जास्त पैसे टाकले की प्रश्न सुटतो, असंही नाही. २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजणी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हेडफोनची किंमत आणि त्याच्या आवाजाची ठेवण यांचा त्यात काही संबंध आढळला नाही. १९९७ पासून नावाजलेला सेनहायझरचा ‘एचडी ६००’ घ्या. आवाज आणि तंतुवाद्यं ऐकणारे त्याच्यावर जीव टाकतात. तोच हेडफोन ईडीएमच्या चाहत्याला दिला तर तो विचारेल, ‘बेस कुठेय?’

आता आपला बाजार बघा. ‘बेसहेड्स’, ‘एक्स्ट्रा बेस’, ‘प्युअर बेस’ हे शब्द नामांकित कंपन्यांच्या खोक्यांवर ठळक छापलेले असतात. कंपन्यांचं गणित समजण्यासारखं आहे. पार्टीची गाणी आणि रॅप तळाच्या ठोक्यावर चालतात. शिवाय आपण गाणी ऐकतो लोकलमध्ये, एसटीत, रिक्षात. तिथली घरघर गाण्यातला बेसच आधी गिळते, म्हणून जास्त बेस बरा वाटतो. पण यातून एक चक्र तयार होतं. स्वस्तातला बहुतेक माल बेसवाला, कानाला सवय त्याचीच आणि पुढचे रिव्ह्यूही त्याच सवयीतून. मग समतोल आवाजाचा इअरफोन ‘डल’ ठरतो. गझल, नाट्यगीत किंवा पॉडकास्ट ऐकणाऱ्याला दीड हजारात आपल्या कामाचं काय मिळेल, हे कळतच नाही.

अर्थात उलट बाजूचा तोराही नको. ‘बेस म्हणजे चीप टेस्ट’ असं म्हणणारे ऑडिओप्रेमी भेटतात. त्यांनी एकदा ढोल-ताशा पथकासमोर उभं राहावं. तो दणका छातीत जाणवतो. जो इअरफोन तो पातळ करून ऐकवतो, तोही खोटंच बोलतोय.

‘सैराट’चंच उदाहरण घ्या. या सिनेमाच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड झाला आणि त्याच अल्बममध्ये ‘झिंगाट’ही आहे. फक्त ‘झिंगाट’ लावून इअरबड्स तपासले तर बेसवाले जिंकतील. ‘याड लागलं’मधली व्हायोलिन्स लावली तर निकाल फिरू शकतो. एमपी३ घडवणाऱ्या इंजिनिअरांनाही हा धडा मिळाला होता. इतर गाण्यांवर ठीक वाटणारं त्यांचं तंत्र सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या वाद्यांविना गायलेल्या गाण्यावर उघडं पडलं. मग त्यांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून सुधारणा केल्या.

मुद्दा फक्त पैशांचा नाही, कानांचाही आहे. शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून आपण काय करतो? आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. रोज लोकलने तासभर जाऊन येणाऱ्याचा हा कोटा आठवडा संपण्याआधीच संपतो.

मग करायचं काय? स्वतःची चार-पाच गाणी ठरवा, जी तुम्हाला तोंडपाठ आहेत: एक ठोक्याचं, एक नुसत्या आवाजाचं, एक भरपूर वाद्यांचं. मित्राचे इअरबड्स मागून घ्या आणि हीच गाणी ऐका. रबरी टिप कानात नीट बसलीय ना, ते बघा, कारण ती सैल असली तर बेस गळून जातो आणि आपण उगाच कंपनीला शिव्या घालतो. ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर बेस दोन घरं कमी करून बघा. प्रवास जास्त असेल तर नॉइज कॅन्सलिंगचा विचार करा. ती इंजिनाची घरघर कमी करते, त्यामुळे आवाज चढवावा लागत नाही. आणि रिव्ह्यू वाचायचाच, तर जो आपल्यासारखी गाणी ऐकतो त्याचा वाचा.

पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी ‘भंगार आहेत रे’ म्हणालं, तर लगेच भांडू नका. आधी विचारा, ‘कुठलं गाणं लावलं होतंस?’