गोदी ओस पडली, आता जमिनीचे काय? मुंबईचा पूर्व किनारा आणि महापालिकेची जागा

थोडक्यात : मुंबई बंदराच्या जुन्या गोद्या, वखारी आणि मासळी धक्के यांच्या पुनर्विकासात केंद्र सरकार, राज्य सरकार आणि महापालिका असे तिघे येतात. तुम्ही या पट्ट्यात राहत असाल किंवा तुमचा धंदा तिथे असेल, तर कोणता निर्णय कोणाच्या हाती आहे हे आधी माहीत असावे.

प्रश्न कुठून आला?

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना 1873 ची. 1875 मध्ये ससून डॉक बांधला गेला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्याच बळावर माझगाव, शिवडी, वडाळ्यापर्यंत वखारी, रेल्वेचे रूळ आणि कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे माल कंटेनरमधून येऊ लागला. 1989 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा व्यवहार तिकडे गेला. मुंबईच्या गोदीत काम उरले, पण पूर्वीइतकी माणसे लागेनात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर पुढे बुजवण्यात आल्या. जमीन मात्र बंदराकडेच राहिली, आणि ती थोडीथोडकी नाही, सुमारे 1,800 एकर आहे.

आतापर्यंत काय झाले?

2014 मध्ये या जमिनीच्या वापराचा विचार करण्यासाठी राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. 2018 मध्ये राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात आल्या. दरम्यान 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यासाठी रो-रो बोट सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून निघणारा अटल सेतू खुला झाला. किनाऱ्याचे मोल वाढले. आता हा पट्टा बदलणार की नाही, हा प्रश्न राहिलेला नाही. तो कोणाला विचारून बदलणार, हे महत्त्वाचे आहे.

भागीदारी कागदावर कशी आहे?

महापत्तन प्राधिकरण कायदा, 2021 नुसार बंदराच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण मंत्रालय आणि सीमाशुल्क विभागाचा प्रत्येकी एक सदस्य असतो. कामगारांचे दोन प्रतिनिधी असतात. महापालिकेसाठी मात्र वेगळी जागा नाही. शिवाय मंडळाने केलेला बृहत् आराखडा स्थानिक किंवा राज्याच्या नियमांपासून स्वतंत्र मानला जातो. दोन्हींत विसंगती आली, तर बंदराचा आराखडा वरचढ ठरतो.

याचा अर्थ असा : नव्या वस्तीला पाणी, मलनिस्सारण, शाळा आणि दवाखाना पुरवण्याची वेळ येईल तेव्हा लोक महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातच जाणार. पण जमिनीवर काय उभे राहावे हे ठरवताना त्याच महापालिकेचे मत मंडळात हक्काने मांडले जाईलच, असे नाही.

मी भिलाईजवळ मरोद्यात राहते. इथेही पोलाद कारखान्याच्या वसाहतीची जमीन कंपनीची आणि निवडून दिलेले नगरसेवक महापालिकेचे. त्यामुळे दोन दारांची ही व्यवस्था मला परकी वाटत नाही. कोणते काम कोणत्या दारात, हे आधी लिहून ठरलेले असेल तरच ती नीट चालते.

बाहेरचा अनुभव

लंडनमध्ये ओस पडलेल्या गोद्यांसाठी 1981 मध्ये स्वतंत्र विकास महामंडळ नेमले गेले. नियोजनाचे अधिकार स्थानिक परिषदांकडून काढून घेतले गेले. कार्यालये उभी राहिली, पण जुन्या गोदी कामगारांच्या वाट्याला काय आले, ही टीका थांबली नाही. हॅम्बुर्गमध्ये जुन्या बंदराचे काम शहराच्याच मालकीच्या कंपनीकडे आहे. त्यामुळे जमिनीच्या विक्रीवर आणि अटींवर शहराचा हात राहतो. मुंबईची व्यवस्था आज पहिल्या उदाहरणाच्या जवळची आहे.

मासळी धक्क्यांचे काय?

ससून डॉक आणि भाऊचा धक्का अजून पहाटे जागे होतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून (2020, एकूण 20,050 कोटी रुपये) मासेमारी बंदरांच्या सुधारणेला निधी मिळू शकतो. वैयक्तिक लाभाच्या घटकांत महिला, अनुसूचित जाती व जमातींना प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत, तर इतरांना 40 टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पण धक्का नवा झाला आणि पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणीची जागा नकाशात दाखवलीच नाही, तर अनुदान तिच्यापर्यंत पोहोचूनही उपयोग नाही.

तुम्ही काय करू शकता?

• तुमच्या घराची किंवा गाळ्याची जमीन बंदराची आहे, राज्याची की खासगी, ते भाडेपावती किंवा करारनाम्यावरून तपासा. केंद्राच्या जमिनीवर राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना आपोआप लागू होत नाही.
• आराखड्यावर हरकत मुदतीत आणि लेखी द्या. पोच घ्या.
• हरकतीत मागणी नेमकी लिहा : मासळी विक्रीची जागा, बर्फाची सोय, किनाऱ्यापर्यंत जाण्याची सार्वजनिक वाट.
• हरकतीची प्रत तुमच्या नगरसेवकालाही द्या. मंडळावर महापालिका नसली, तरी नगरसेवक महापालिकेच्या सभागृहात प्रश्न मांडू शकतो.

हरकत नोंदवल्याने ती मान्य होईलच असे नाही. पण नोंदवलीच नाही, तर विचार कशाचा होणार?