क्षमेचा हिशेब : ‘स्मृतिचित्रे’ आणि मराठी समीक्षेची सोय

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी आपल्या समीक्षेत एक विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला भासत नाही. इतके सोसूनही लेखिकेच्या मनात कटुतेचा लवलेश नाही, हे ते विधान. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा गौरव वर्गात आणि व्यासपीठावर बहुधा याच शब्दांत होत आला आहे. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना हीच टिपणे सांगितली. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कटुता नाही म्हणजे त्यांना राग आलाच नव्हता, की आला होता आणि त्यांनी तो सोडून दिला?” त्या तासाला मला उत्तर देता आले नाही. पुढे लक्षात आले ते असे, की आपल्या समीक्षेनेही हा प्रश्न स्वतःला कधी गंभीरपणे विचारलेला नाही.

राग न येणे आणि आलेला राग सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला सहनशीलता म्हणावे, दुसरीला क्षमा. आपल्या गृहिणीधर्माच्या आदर्शात स्त्री धरित्रीसारखी क्षमाशील असते. परंतु धरित्री कोणावर फिर्याद करीत नाही. तिने सोसावे हे गृहीतच धरलेले असते, म्हणून तिच्या क्षमेने कोणी अपराधी ठरत नाही. ख्रिस्ती क्षमेचे अधिष्ठान वेगळे आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत अपराधासाठी ‘ऋण’ हा शब्द आला आहे, आणि मराठी बायबलनेही तो राखला आहे. ऋण सोडायचे तर आधी कोणाचे, किती आणि कशाबद्दल हे ठाऊक असावे लागते. खातेवही फाडून टाकणे म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. अपराधाचा उच्चार हा क्षमेतला अडथळा नसून तिची पूर्वअट आहे. हॅना आरेन्ट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५८) या ग्रंथात मानवी व्यवहारातील क्षमेच्या सामर्थ्याचा शोध नाझरेथच्या येशूकडे दिला आहे, आणि ज्याला शिक्षा करता येत नाही त्याला क्षमाही करता येत नाही, असे म्हटले आहे. शिक्षेचा अधिकार स्वप्नातही नसलेल्या स्त्रीच्या मौनाला आपण ‘क्षमा’ म्हणतो तेव्हा नेमके हेच विसरतो.

या कसोटीवर ‘स्मृतिचित्रे’ पाहावी. १८५७ नंतरच्या धरपकडीत आजोबांना झालेली फाशी आणि त्या आघातानंतर वडिलांनी घरावर लादलेले सोवळे, इथून ही कथा सुरू होते. त्या सोवळ्याचे कारण लक्ष्मीबाई सांगतात, पण त्याचा जाच कमी करून सांगत नाहीत. कारण समजणे आणि दोष पुसणे यांची त्या गल्लत करीत नाहीत. नारायण वामन टिळकांविषयीही तसेच. न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, बायकोला कशाचीही कल्पना न देणे, सारे नोंदले गेले आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीत या बाईच्या वाट्याला आलेली मानहानी आणि शरीरमनाची दैना तिने झाकलेली नाही. आपण ज्याला विनोद म्हणून गुण देतो त्यातला बराचसा भाग हा चोख हिशेब आहे. हसू येते ते हिशेब बरोबर जुळतो म्हणून. हसवले म्हणजे विसरली, असे मानणाऱ्याने पुस्तक अर्धेच वाचले आहे.

मग क्षमा कोठे आहे? तिची घोषणा कोणत्याही एका प्रसंगात शोधू नये. ती कृतज्ञतेशी गुंतलेली आहे. मराठीत कृतज्ञता व्यक्त करण्याला आपण ‘ऋणनिर्देश’ म्हणतो, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. इतरांनी माझे जे देणे आहे ते मी सोडते, ही क्षमा. मी इतरांचे जे देणे लागते ते मी सांगते, ही कृतज्ञता. वही एकच, बाजू दोन. धर्मांतराच्या आत्मकथनाचा एक ठरलेला घाट असतो : आधी अंधार, मग प्रकाश. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’चे नावच तो घाट सांगते. लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, तरी त्यांनी मागचे सारे अंधारात ढकलले नाही. ताटातुटीच्या काळात ज्यांनी आसरा दिला ते नातलग सनातनी होते, धर्मांतराने दुखावलेले होते. त्यांचा कर्मठपणाही लिहिला गेला आणि त्यांनी दिलेला घासही. जमेची बाजू लिहिताना नावेची बाजू खोडली नाही, म्हणूनच भूतकाळाशी झालेला हा समेट खरा वाटतो. ज्या समेटात एकच बाजू शिल्लक राहते तो समेट नव्हे, शरणागती होय.

हा केवळ एका पुस्तकाच्या अर्थनिर्णयाचा वाद असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. ‘कटुता नाही’ हा गौरव पुढे मानदंड झाला आणि इतरांवर चालवला गेला. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) ही आत्मकथने आली तेव्हा त्यांच्यातील रागाची मोजदाद करणारा एक वाचकवर्ग पुढे झाला. संयम हवा होता, समजूतदारपणा हवा होता, असा सूर निघाला. तो सूर अजूनही पुरता थांबलेला नाही. ज्यांचे घेणे अजून कोणी मान्यच केलेले नाही त्यांच्याकडे ते सोडून देण्याची मागणी करणारे हे ऋणको विलक्षणच म्हणायचे! क्षमा हे धनकोचे स्वातंत्र्य आहे. ऋणकोने ती अपेक्षिली तर ती विनंती ठरते, आणि समीक्षकाने ती साहित्यमूल्य म्हणून मागितली तर ती वसुलीच ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो. राग हा साहित्याचा अंतिम भाव असावा काय? नसावा, असे मीही म्हणेन. द्वेषात गुंतलेला माणूस अपराध्याच्याच ताब्यात राहतो, हे ख्रिस्ती क्षमाविचाराने ओळखले, आणि त्यातले सत्य ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही नाकारता येणार नाही. परंतु तिथपर्यंतचा रस्ता हिशेबाच्या चावडीवरूनच जातो. त्याला आडवाट नाही. लक्ष्मीबाई त्या रस्त्याने गेल्या, आणि आपण त्यांचे पोहोचणे तेवढे पाहिले. ‘बलुतं’चा लेखक त्याच रस्त्यावर उभा राहून वही उघडतो, तेव्हा त्याला आपण लक्ष्मीबाईंचे उदाहरण सांगतो. यात दोघांवरही अन्याय आहे. एकीचा राग आपण तिच्याकडून काढून घेतला, आणि दुसऱ्याला तो ठेवू दिला नाही.

त्या विद्यार्थिनीला आज मी सांगेन, की राग आला होता. तो पानापानांवर लिहिलेला आहे. तो सोडला गेला हेही खरे, पण लिहून झाल्यावर. पुढच्या वर्षीची टिपणे इथून सुरू व्हावीत.