भिंतीवरचं अस्वल

दोस्तांनो, अस्वल बघायचं म्हटलं की आपल्याला प्राणिसंग्रहालय आठवतं, नाहीतर किनवटकडचं जंगल. पण आज ज्या अस्वलाशी तुमची ओळख करून द्यायची आहे, ते कदाचित तुमच्याच गच्चीच्या कठड्यावर झोपलेलं असेल! घाबरू नका. त्याची लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी. पाय मात्र चार नाहीत, आठ. आणि प्रत्येक पायाला नख्या.

याचं नाव टार्डिग्रेड. १७७३ साली गोएत्झ नावाच्या जर्मन धर्मगुरूला ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. त्याला ते इवल्याशा अस्वलासारखं वाटलं, म्हणून त्याने नाव दिलं ‘छोटं जलअस्वल’. पुढे इटलीच्या स्पालान्झानी यांनी त्याची संथ चाल पाहून ‘टार्डिग्रेड’, म्हणजे हळू चालणारा, असं म्हटलं. तेच नाव रूढ झालं.

ते राहतं कुठं? पावसाळ्यात भिंतीवर हिरव्या मखमलीसारखे पुंजके उगवतात ना, त्यांना मॉस म्हणतात. (अंगणात पाय घसरवणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं बरं का!) या मॉसच्या पानांवर पाण्याचा पातळ थर असतो. तेवढंच आपल्या अस्वलाचं तळं. दगडफुलातही त्याचा मुक्काम असतो. हो, तेच दगडफूल, आई काळ्या मसाल्यात घालते ते!

आता तुम्ही म्हणाल, आमच्या नांदेड-लातूरला पाऊस चार महिने. मग उरलेले आठ महिने हा पाण्यातला प्राणी करतो काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आईबाबांना विचारा, त्यांना ते दिवस आठवत असतील. माणसांसाठी गाडी आली, पण कठड्यावरच्या मॉसला पाणी कोण देणार?

जलअस्वलाची युक्ती अशी. मॉस सुकू लागलं की ते आपले आठही पाय आत ओढून घेतं आणि छोट्या पिंपासारखं गोळा होतं. शरीरातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देतं. खाणं बंद, हालचाल बंद. पाऊस आला की पाणी शोषून फुगतं, पाय बाहेर काढतं आणि चालू लागतं. मात्र हे वाळणं सावकाश व्हावं लागतं. मॉसची गादी ओल धरून ठेवते, म्हणून त्याला आवरासावर करायला वेळ मिळतो. झटकन वाळलं तर ते मरतं.

‘हा प्राणी कशानेही मरत नाही’ असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. ते खरं नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० साली एका जातीची जलअस्वलं तपासली. पाण्यात हिंडणारी अस्वलं सुमारे ३७ अंश सेल्सिअसला ठेवली, तर चोवीस तासांत निम्मी दगावली. वाळलेल्यांपैकी निम्मी मरायला मात्र तासभर सुमारे ८३ अंशांची उष्णता लागली! लातूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे बघा, ज्या कोरडेपणाची आपल्याला धास्ती वाटते, तोच या अस्वलाला उन्हाळ्यातून तारून नेऊ शकतो.

चला तर, शोधूया.

साहित्य: वाळलेल्या मॉसचा सुपारीएवढा पुंजका, खोलगट बशी, ड्रॉपर, काचपट्टी आणि ४० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक. शाळेतला चालेल. मनु प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तयार केलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ही चालेल.

कृती: मॉस आपल्या घराच्या किंवा शाळेच्या भिंतीवरून विचारून घ्या. कंधार, उदगीर, औशाच्या किल्ल्यांच्या भिंती खरवडायच्या नाहीत, तो आपला ठेवा आहे. मॉसची माती झटका आणि पुंजका बशीत उलटा ठेवा. तो बुडेल इतकं पावसाचं साठवलेलं पाणी घाला. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार फार असतात. बशी रात्रभर झाकून ठेवा. दिवस उन्हाळ्याचे असतील तर माठाशेजारी, गारव्याला ठेवा. कारण तुम्हाला आता कळलंच आहे!

सकाळी मॉस बशीतच हलकेच पिळा. दहा मिनिटं थांबा. गाळ तळाशी बसला की तिथलाच एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि कमी शक्तीच्या भिंगातून बघायला सुरुवात करा. सूक्ष्मदर्शकाचा आरसा सूर्याकडे कधीही धरू नका, डोळ्यांना इजा होईल. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आधी दिसतील चाबकासारखे वळवळणारे सूत्रकृमी, आणि तोंडाशी चक्र फिरवणारे रोटिफर. फसू नका. जो गुबगुबीत आहे, पाय मारत मातीच्या कणांवर चढायला बघतो आणि घसरतो, तो आपला. त्याचं अंग इतकं पारदर्शक असतं की खाल्लेलं हिरवं-तपकिरी अन्न आतून दिसतं.

पहिल्या थेंबात नाही सापडलं तर? दहा थेंब बघा. दुसरी भिंत बघा. वहीत तारीख, जागा, भिंत उन्हातली की सावलीतली, आणि काय दिसलं ते लिहा. ‘काही दिसलं नाही’ हेही लिहा, तीसुद्धा नोंदच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली एका जलअस्वलाची माहिती जाहीर केली. जंतू मारणारे अतिनील किरणही ते सोसतं. ते सापडलं होतं संस्थेच्याच आवारात, एका भिंतीवरच्या मॉसमध्ये! आणि २०२५ साली शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या मोहिमेतल्या प्रयोगांतही जलअस्वलं होतीच.

बघून झालं की बशीतलं पाणी पुन्हा मॉसवर ओता. ते सावलीत हळूहळू वाळू द्या आणि जिथून आणलं तिथंच नेऊन ठेवा. त्या अस्वलांना अजून पुढचा पावसाळा बघायचा आहे.